सायबांना मनुका चालत नाहीत

उदगीरला बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच सकाळी जिन्याखालून आवाज आला, "सायब, तोंड किती वंगाळ केलाव! इकडं या, पुसते."

मी बँकेत नोकरी करतो. लोक मला साहेब म्हणतात. पण माझं तोंड पुसून देण्याची तयारी आजवर एकाही खातेदारानं दाखवली नव्हती. मी जरा सावरून, शर्टाची बटणं लावत खाली डोकावलो. घरमालकीणबाई पायरीवर बसल्या होत्या आणि एका तांबूस, एक कान मोडलेल्या गावठी कुत्र्याचं तोंड फडक्यानं पुसत होत्या.

मला बघून त्या म्हणाल्या, "तुमाला न्हाई म्हणले. हे सायब. तुमी म्यानेजर."

आमची नेमणूक झाली. त्या गल्लीत पुढं मी कायम म्यानेजरच राहिलो. साहेबाची जागा आधीच भरलेली होती.

गंगाअक्कांचं सुक्यामेव्याचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं त्यांच्या दोन खोल्या, वर आम्ही भाडेकरू. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, मुलाला इंजिनिअर केलं, तो हैदराबादला गेला, आणि अक्का काजू-बदामाच्या बरण्यांमध्ये राहिल्या. अंगानं ठेंगण्या, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आवाज मात्र तालुक्याला पुरेल एवढा. मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरतात आणि भांडण रंगलं की उर्दूत उतरतात.

माणसांना त्या अरे-तुरे करतात आणि जनावरांना अहो-जाहो. तलाठी आला तरी "बस रे तिकडं", आणि कुत्रा आला की "या, बसा." मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "माणसाला मान दिला की डोक्यावर बसतंय. कुत्र्याला दिला की पायाशी बसतंय. आता सांग, मान कुणाला द्यावा?" मला त्या अहो म्हणतात की अरे, हे त्या दिवशीच्या मूडवर असायचं. त्यावरून मी माझी योग्यता ताडत असे.

अक्कांच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्यावर एक तरी मेवा आहे. दुकानात माणूस शिरला की काय हवंय हे त्या विचारत नाहीत, काय होतंय हे विचारतात. मला त्यांनी बदाम लावून दिले. "बँकेतलं काम. बदाम खा, न्हाईतर याचं पैसं त्याच्या खात्यात टाकून बसशील." माझ्या बायकोची कंबर दुखते म्हटल्यावर रेखाला गोडंबी आणि डिंक. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला अक्रोड. "बग, अक्रोड दिसतंयच मेंदूवानी. खा. अक्कल वाढली की पाणी कमी पडतंय." त्यानं बिचाऱ्यानं आठवडाभर अक्रोड खाल्ले. दूध होतं तसंच राहिलं, फक्त पाणी किती घातलं ते लक्षात येऊ न देण्याची युक्ती त्याला सुचली असावी, असं रेखाचं मत.

आता जिथं गवळी सुटला नाही, तिथं कुत्रा कसा सुटेल? रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर पंगत बसायची. एका बाजूला सायब, दुसऱ्या बाजूला गौरम्मा. गौरम्मा म्हणजे पांढरीशुभ्र, गुबगुबीत मांजर. चालणं असं की जणू दुकान तिच्या नावावर आहे. सायबांना भिजवून सोललेले बदाम, मग काजू, आणि शेवटी "पोट साफ ऱ्हातंय" म्हणून मनुका. सायब सगळं गिळायचे. चावायची त्यांना सवयच नव्हती.

गौरम्माचं तसं नव्हतं. तिच्यापुढं काजू ठेवला की ती त्याचा वास घ्यायची, अक्कांकडं बघायची, आणि मग पंजानं त्याच्यावर माती लोटल्यासारखं करायची. मांजर कशावर माती लोटतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"अय्यो शिवने!" अक्का ओरडायच्या. "एक नंबरचा काजू हाय गं, आन तू त्याच्यावर माती लोटायलीस? लई माज आलाय तुला!" या एका विषयात मात्र गौरम्माला अरे-तुरे व्हायचं. दुसऱ्या दिवशी काजूच्या जागी पिस्ता. पुन्हा माती. अख्ख्या थंडीभर हे युद्ध चाललं होतं.

रेखा एकदा भीत भीत म्हणाली, "अक्का, कुत्र्याला मनुका देऊ नयेत म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"मोबाइलवर होतं."

"मोबाइलला कुत्रं हाय का?" अक्कांनी विचारलं. "माझा मेवा खाऊन आजपातूर कुणाला काय झालं न्हाई," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. पण ते म्हणताना त्यांचा आवाज एकदम चढला. एवढं चिडण्यासारखं रेखा काय बोलली, ते मला कळलं नाही.

ते कळलं त्यांचा मुलगा आला तेव्हा. मल्लिनाथ हैदराबादहून एकटाच आला, एक दिवस राहिला. शांत माणूस. संध्याकाळी गच्चीवर माझ्याजवळ येऊन उभा राहिला तेव्हा मी सहज विचारलं, "मुलाला नाही आणलंत?"

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "आमच्या विहानला शेंगदाणे, काजू, कायच चालत नाही. नुसतं तोंडाला लागलं तरी अंग सुजतं, श्वास अडकतो. आईला ते खरंच वाटत नाही. शेंगदाण्यानं कुणी आजारी पडतं का म्हणते. तो अडीच वर्षांचा असताना माझ्या बायकोचा, पूजाचा, डोळा चुकवून आईनं त्याला लाडू भरवला. थोडक्यात वाचला. दवाखान्यातून परस्पर हैदराबादला घेऊन गेलो. तेव्हापासून पूजा त्याला इकडं आणायचं नाव काढत नाही. मी तरी कोणत्या तोंडानं म्हणू?"

अक्कांनी मात्र गल्लीत याची वेगळीच हकिकत सांगून ठेवली होती. "सुनंचं नखरं. लेकराला उनाची झळ लागली आन नाव माझ्या लाडवाचं." नातू आता पहिलीत गेला होता. फोनवर दिसायचा.

जाताना मल्लिनाथनं आईला एक चकचकीत डबा दिला. ऑफिसातल्या कुणी परदेशातून आणलेला. त्याच्या घरात असली वस्तू ठेवायची सोय नव्हतीच. आत गोल, गोरेपान, लोण्याच्या गोळ्यांसारखे दाणे. अक्कांनी ते हातावर घेऊन उलटेपालटे केले. इतकी वर्षं या धंद्यात, पण हा मेवा त्यांनी पाहिला नव्हता. "गोरा बदाम," त्यांनी नाव देऊन टाकलं. गल्लीतल्या प्रत्येकाला एकेक दाणा वाटला. आणि उरलेले, स्वतः एकही न खाता, सकाळच्या पंगतीत सायबांच्या पुढं ठेवले. गौरम्मानं नेहमीप्रमाणे माती लोटली. तिच्या वाट्याचेही सायबांनीच खाल्ले.

दुपारी मी जेवायला घरी आलो तर गल्ली गोळा झालेली. सायब पायरीवरून उठायला बघत होते आणि त्यांचे मागचे पाय उठत नव्हते. पुढचे दोन उभे राहायचे, मागचे दोन कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे आडवे पसरायचे. अंग थरथरत होतं. दोनदा उलटी झाली होती. आणि तालुक्याला पुरणारा तो आवाज कुठंच नव्हता. अक्का नुसत्या सायबांच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"म्यानेजर," त्या हळूच म्हणाल्या, "सायबांचं पाय गेलं ओ."

मी रिक्षा आणली. अक्कांनी कुत्र्याला मांडीवर घेतलं. दुकान उघडंच टाकलं. शेवटी रेखा जाऊन गल्ल्यावर बसली. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर शेखबाई होत्या. देगलूरकडच्या, तरुण, बोलायला मोकळ्या. त्यांनी सायबांना टेबलावर घेतलं, तपासलं आणि विचारलं, "काय खाल्लं यानं?"

अक्कांना वाटलं, आपण कुत्र्याची आबाळ करतो असा बाईंचा संशय आहे. त्या सरसावल्या. "खायला काय कमी न्हाई डॉक्टरीणबाई. सकाळी बदाम. भिजवून, सोलून. मग काजू. मग मनुका. सोमवारी पिस्ता. थंडीत अक्रोड. आज गोरा बदाम."

शेखबाईंचा हात थांबला. "अक्का, कुत्र्याला जेवू घालता का लग्नाचा आहेर करता?"

निघताना खिशात टाकलेलं डब्याचं झाकण मी काढून दाखवलं. बाईंनी नाव वाचलं. "मॅकाडेमिया. हे कुत्र्यांना चालतच नाही. मागचे पाय लुळे पडतात, थरथर सुटते, उलट्या होतात. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप उतरतं, घाबरू नका. सलाईन लावते. मला त्या मनुकांची जास्त काळजी आहे. मनुका, किसमिस, द्राक्षं, कायच द्यायचं नाही. एखाद्याला थोड्यानंसुद्धा किडनीवर येतं. हा आजवर तरला हे नशीब. दोन दिवस लघवी नीट होते का, डोळ्यात तेल घालून बघा."

"आन बदाम?"

"विष नाही, पण पचत नाही, आणि हा न चावता गिळणारा. घशात अडकायचा एखादा. काजू चुकून एखादा खाल्ला तर हरकत नाही. अक्रोड-पिस्ता नको, जुने बुरशी आलेले तर बिलकुल नको."

"मग त्यानं खावं काय?"

"भाकरी-दूध खाऊ दे की. लाडच करायचे तर भाजलेले शेंगदाणे, बिनमिठाचे, फोलपटं काढून, चार-दोन."

अक्कांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढ्या बरण्या भरलेल्या दुकानातून त्यांच्या सायबांच्या वाट्याला फक्त शेंगदाणे आले होते. "आन मांजरानं?" त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"मांजर मांसाहारी जनावर. तिला मेवा कशाला? तिनं खाल्लाय का काही?"

"न्हाई. माती लोटायली."

"हुशार आहे," डॉक्टर म्हणाल्या.

सलाईन चालू झालं. सायबांनी डोळे मिटले. अक्का त्यांच्या मोडक्या कानावरून हात फिरवत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "पर बाई, माझा माल एक नंबर हाय. माणसं खात्यात, लेकरं खात्यात. कुणाला काय होत न्हाई."

"माल चांगलाच आहे, अक्का," शेखबाई सिरिंज भरता भरता म्हणाल्या. "पण एकाला मानवतं ते दुसऱ्याच्या अंगाला मानवत नाही. दिसायला तो धडधाकट असतो, पण तेच खाणं त्याच्या पोटात विष होतं. तुम्ही मायेनं दिलं, हे त्याच्या पोटाला कसं कळावं?"

कानावरून फिरणारा हात थांबला. घरी परतल्यावर रिक्षावाल्यानं मागितलं तेवढं भाडं अक्कांनी घासाघीस न करता देऊन टाकलं. उदगीरच्या रिक्षावाल्यालासुद्धा ते चमत्कारिक वाटलं असणार. त्यानं दोनदा मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी माझे वरिष्ठ नांदेडहून शाखेच्या तपासणीला आले होते. चहाला त्यांना मी घरी आणलं. कप ओठाला लावतात न लावतात तोच खालून गर्जना झाली, "रेखाबाई! सायबांना झाली गं! भरपूर झाली!"

वरिष्ठांचा कप हवेत राहिला.

"आता उभं राहून करायलेत!" खालून पुढची बातमी आली.

मी घाईघाईनं सगळा खुलासा केला. वरिष्ठांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला, पण चहा काही त्यांना पुढं गेला नाही. मात्र निघताना ते खाली थांबले. सायब चारी पायांवर उभे होते, जरा डुलत, लग्नातून परतलेल्या पाहुण्यासारखे. वरिष्ठांनी वाकून त्यांच्या डोक्यावर थोपटलं. त्या तपासणीत आमच्या शाखेवर फारसे शेरे आले नाहीत. त्याचं श्रेय मी अजून सायबांनाच देतो.

सायब बरे झाले आणि मग गल्लीची पंचाईत सुरू झाली. कारण अक्का कुठलीही गोष्ट अर्धवट मानत नाहीत. मनुका मागायला माणूस आला की पहिला प्रश्न, "घरी कुत्रं हाय?"

"हाय की."

"मग मनुका न्हाई."

"अक्का, शिऱ्यात टाकायच्या हायत्या!"

"शिरा सांडला तर? कुत्र्यानं चाटला तर? किडनी जातीय त्याची. तू देतोस का तुझी?"

एकानं घरी कुत्रं नाही म्हणून सांगितलं. अक्कांनी त्याला महादेवाची शपथ घ्यायला लावली, वर शेजाऱ्याकडं आहे का तेही विचारलं. गिऱ्हाइकं कमी झाली. त्याची अक्कांना पर्वा नव्हती. मागच्या गल्लीत लग्न होतं, तिथं जेवणं उठल्यावर अक्का खरकट्या पत्रावळींच्या ढिगाशी काठी घेऊन उभ्या. बुंदीत मनुका होत्या. वधूची आई विनवत आली, "अक्का, चला की, आहेर घ्या, जेवा." अक्का म्हणाल्या, "तुझी लेक सुखात नांदू दे. मला हितंच बरंय. ओ तांबडे, मागं सरा! तुमाला न्हाई ते!" मांडवातल्या फोटोंत एकात नवरानवरीच्या मागं काठी उगारलेल्या अक्का स्पष्ट दिसतात.

गौरम्मापुढं मात्र त्यांनी एके सकाळी उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवला. लिंगायताच्या घरात अंडं कुठून आलं, हे मला ठाऊक आहे. आमच्याच स्वयंपाकघरातून. "तुमचंच खरं होतं ओ गौरम्मा," अक्का तिला म्हणाल्या. तिनं वास घेतला आणि खाल्लं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, रविवारी दुपारी, अक्का जिना चढून वर आल्या. एरवी त्या खालूनच बोलतात. आल्या त्या भिंतीला टेकून बसल्या. मला वाटलं, भाडं वाढवणार.

"म्यानेजर, जरा फोन लावून दे."

"मल्लिनाथला?"

"न्हाई. पूजाला."

मी लावला आणि उठू लागलो, तर त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं. पलीकडून आवाज आला. "आई? बरं आहे ना सगळं?"

"हाव. बरं हाय." फोन कानाला घट्ट धरलेला. "पूजा, आमचं कुत्रं हाय बग तांबडं. त्याचं पाय गेलतं. मीच खाऊ घातलं मनून. आता बरं हाय." त्यांनी पदर सावरला. "आपल्या हातचं खाऊन कुणी पडतंय हे मला ठावच नव्हतं. म्हंजी... एकडाव बगितलं होतं मी. पर मानलं न्हवतं."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं खरं होतं पोरी. तू नखरं करत न्हवतीस." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला. पूजा रडत होती. "सायब आता ठणठणीत आहेत," एवढंच मी सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहान येणार असं ठरलं आणि आमच्या इमारतीत जी धुलाई निघाली, तशी दिवाळीतही कधी निघाली नव्हती. दुकानाला कुलूप. पोती, बरण्या टेम्पोत घालून भावाच्या गोदामात. फरशी, भिंती, दाराच्या कड्या, वजनाची मापंसुद्धा गरम पाण्यानं धुतली. मग मोर्चा वर आमच्याकडं वळला.

"रेखाबाई, शेंगदाण्याचं कूट काढ."

"अक्का, आम्ही वर राहतो!"

"लेकरू वर येणार न्हाई का? काढ. येसराचा मसाला बी काढ, त्यात काय काय असतंय. तेल कोणतं हाय?"

"करडईचं."

"ते ऱ्हाऊ दे."

आमच्या भागात कुटाशिवाय भाजी म्हणजे कुंकवाशिवाय कपाळ. रेखानं कपाळाला हात लावला, पण कूट दिलं. आठवडाभर आम्ही पातळ भाज्या खाल्ल्या. गल्लीतल्या पोरांना तर चिक्की घेऊन आमच्या दारावरून जायची बंदी होती.

विहान आला. सडपातळ, चष्मा, पाठीवर छोटी पिशवी. काही झालंच तर लगेच टोचायचं इंजेक्शन आईनं त्यात ठेवलं होतं. अक्का दारात उभ्या होत्या. सकाळपासून दोनदा न्हाल्या होत्या, कोरं लुगडं नेसलं होतं, आणि दोन्ही हात पाठीमागं धरले होते. ज्या बाईनं आयुष्यभर प्रत्येक येणाऱ्याच्या तळहातावर काहीतरी ठेवलं, ती नातवासमोर हात लपवून उभी होती.

"आई, घ्या की त्याला," पूजा म्हणाली.

"चालंल?"

"चालेल."

"कोपरापातूर धुतल्यात बग." त्यांनी हात पुढं करून सुनेला दाखवले, शाळेतली मुलं बाईंना नखं दाखवतात तसे.

पूजानं ते हात बघितले नाहीत. तिनं ते नुसते धरले आणि विहानच्या खांद्यावर नेऊन ठेवले.

दुपारी अक्कांनी मलिदा केला. ज्वारीची गरम भाकरी कुस्करून, वर गूळ, वर तूप. प्रत्येक जिन्नस आधी सुनेच्या नाकाशी नेला. गुळाचा खडासुद्धा. पूजा शेवटी हसून म्हणाली, "आई, पुरे आता, साकु!" कानडीतला तो एवढाच शब्द तिला येत असावा. विहानला भरवताना अक्कांनी घास इतका जपून, बोटांच्या टोकांवर धरून पुढं नेला, की निम्मा मलिदा खाली पडला. पण पोरानं खाल्ला. नीट चावून खाल्ला. आम्ही सगळे त्याच्या ओठांकडं बघत होतो. काही झालं नाही. तो म्हणाला, "अजून."

ताटली संपत आली तेव्हा त्यानं आपल्या बोटांनी शेवटचा थोडासा मलिदा गोळा केला आणि आजीसमोर धरला. "आता तू आ कर."

अक्का बावरल्या. सुनेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दुसऱ्याला भरवायचं कसं हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. कुणी आपल्याला भरवायला आलं की काय करायचं, ते आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"कर ना आजी. आ."

मग अक्कांनी डोळे मिटले आणि लहान पोरासारखा भला मोठा आ केला.